पत्ते संपल्यानंतर : विद्यापीठाचे जाळे आणि इंटरनेटची सहावी आवृत्ती

पत्ते संपतात, ही कल्पनाच प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. घर बांधले की त्याला पत्ता मिळतोच. घरे वाढली म्हणून पत्त्यांचा तुटवडा पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. परंतु इंटरनेटच्या जगात असे खरोखरच घडले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाच्या नोंदणी-संस्थेला आपल्याजवळ उरलेले पत्ते रेशनच्या धान्यासारखे मोजून देण्याची पाळी आली. भारत याच विभागात मोडतो.

या टंचाईवरचा उपाय त्यापूर्वीच तयार होता. इंटरनेट प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती हे त्याचे नाव. मात्र औषध तयार असणे वेगळे आणि ते रोग्याच्या पोटात जाणे वेगळे. हजारो विद्यार्थी, शेकडो प्राध्यापक, प्रयोगशाळा, वसतिगृहे, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग ज्या जाळ्यावर अवलंबून आहेत, ते जाळे एक दिवसही बंद न ठेवता नव्या पद्धतीवर न्यावयाचे, तर त्याची योजना कशी करावी? हा प्रश्न केवळ यंत्रे सांभाळणाऱ्यांचा आहे अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. कलाशाखेचा विद्यार्थीही त्यात कसा गुंतलेला आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

पत्ता म्हणजे काय?

पत्त्याचे मर्म समजून घेण्यासाठी आपल्या पोस्टाकडे पाहावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा आकडी पिन कोड सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी तर होतेच, पण संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. त्यांच्या योजनेतील पहिला आकडा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय. त्यामुळे कोलकात्याच्या कर्मचाऱ्याला पुण्यातील पेठा ठाऊक असण्याची गरज नाही. सुरुवातीचे आकडे पाहून त्याने थैली योग्य दिशेला रवाना केली की त्याचे काम संपले.

इंटरनेटवरील पत्त्याची रचनाही याच धर्तीची आहे. पत्त्याचा पुढचा भाग जाळे कोणते ते सांगतो आणि मागचा भाग त्या जाळ्यातील यंत्र कोणते ते सांगतो. वाटेवरील राउटर नावाची यंत्रे केवळ पुढचा भाग वाचून माहितीचे पाकीट पुढे ढकलतात. पाकिटावर पत्ता कसा लिहावा आणि ते कसे पोचवावे, याचे जे नियम आहेत त्यांनाच इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात.

आज सर्वत्र रूढ असलेली त्याची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिली गेली. तिच्यात पत्त्यासाठी ३२ द्विमान अंकांची जागा ठेवलेली आहे. म्हणजे सर्व मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. जेव्हा संगणक ही मूठभर संस्थांची मिरास होती, तेव्हा हा आकडा अक्षय वाटला असल्यास नवल नाही. वाटपही त्याच उदारपणे झाले. अमेरिकेतील एमआयटी आणि स्टॅनफर्ड या शिक्षणसंस्थांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते मिळाले होते. एकूण साठ्याचा हा २५६वा हिस्सा!

पुढे या दोघांनी काय केले, ते पाहण्याजोगे आहे. स्टॅनफर्डने आपला गठ्ठा २००० साली सार्वजनिक साठ्यात परत केला. एमआयटीने २०१७ साली जाहीर केले, की आपल्या पत्त्यांपैकी सुमारे १ कोटी ४० लाख कधी वापरलेच गेले नाहीत, आणि त्यातील निदान ८० लाख विकता येतील. त्यांचा मोठा भाग अ‍ॅमेझॉन कंपनीकडे गेला. नव्या पद्धतीकडे वळण्याचा खर्च या विक्रीतून भागवावा, असाही विचार त्यामागे होता. एकेकाळी मागेल त्याला मिळणारी वस्तू सतरा वर्षांच्या अंतराने बाजारात मोल देऊन घ्यावी लागली. जी विद्यापीठे या पंगतीला उशिरा आली, त्यांच्या पानात साहजिकच फारसे काही पडले नाही.

वसतिगृहाचा एकच पत्ता

मग इतकी वर्षे काम चालले कसे? मे १९९४ मध्ये मांडल्या गेलेल्या एका युक्तीवर. ती समजण्यास वसतिगृहाचे उदाहरण सोयीचे आहे. समजा, एका वसतिगृहात पाचशे विद्यार्थी आहेत, पण बाहेरच्या जगाला खोल्यांचे क्रमांक ठाऊकच नाहीत. प्रत्येक पत्र कार्यालयातील कारकुनाच्या हातून जाते. तो त्यावर वसतिगृहाचा एकच पत्ता लिहितो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो, की हे पत्र अमुक खोलीचे. उत्तर आले की वही पाहून त्या खोलीत पोचवतो. इंटरनेटवरही असेच होते. आतल्या यंत्रांना खाजगी पत्ते द्यावयाचे आणि बाहेर सर्वांचा मिळून एक किंवा मोजके पत्ते दाखवावयाचे.

युक्ती उत्तम आहे; तिने इंटरनेटला दोन-तीन दशकांचे आयुष्य मिळवून दिले. परंतु तिची किंमत आहे. बाहेरून आपण होऊन आलेले पत्र कोणत्या खोलीचे, हे कारकुनाला कळत नाही; ते तो परत करतो. म्हणजे आतला विद्यार्थी मागू शकतो, घेऊ शकतो. पण स्वतःच्या यंत्रावरून जगाला काही देऊ करणे त्याला अवघड होऊन बसते. दुसरे असे, की एकाने आगळीक केली तर बाहेरचे लोक त्या एकाच पत्त्यावर बहिष्कार टाकतात आणि शिक्षा सगळ्या वसतिगृहाला होते. तिसरे, एका पत्त्यामागे माणसे वाढत गेली की कारकुनाची वहीच अपुरी पडते, आणि हजारो मोबाइल एकदम जोडले गेले की जाळे अडखळू लागते.

सहावी आवृत्ती आणि तिची अडचण

या दुखण्यावरचा मूलगामी उपाय म्हणून सहाव्या आवृत्तीचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो डिसेंबर १९९८ मध्ये सुधारला गेला आणि जुलै २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. चारानंतर एकदम सहा कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. पाच हा क्रमांक ध्वनी व चित्रांच्या प्रवाहासाठी केलेल्या एका प्रायोगिक प्रोटोकॉलला आधीच देऊन झाला होता, इतकेच.

नव्या पत्त्याची लांबी १२८ द्विमान अंकांची आहे. त्यामुळे होणारी पत्त्यांची संख्या ३४० वर ३६ शून्ये मांडून लिहावी लागेल. एका विद्यापीठाला सामान्यतः जो गठ्ठा मिळतो, त्यात ६५,५३६ स्वतंत्र जाळी करता येतात; आणि त्यातील प्रत्येक जाळ्यात सुमारे १८ वर १८ शून्ये इतकी यंत्रे मावतात. तात्पर्य, पत्ता वाचवण्याची जुनी काटकसर येथे निरर्थक ठरते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की चौथी आणि सहावी आवृत्ती या दोन भिन्न भाषा आहेत. केवळ जुनी भाषा जाणणारे यंत्र केवळ नवी भाषा बोलणाऱ्याशी एक अक्षरही बोलू शकत नाही. त्यामुळे मी एकट्याने नवी भाषा स्वीकारली, पण उरलेले जग जुनीच बोलत राहिले, तर मला लाभ काय, असा विचार प्रत्येक संस्था करीत बसते. सर्वच असा विचार करू लागले की कोणीच पुढे सरकत नाही.

एका रात्रीत की सावकाश?

असा बदल एका रात्रीत झाल्याचे उदाहरण इतिहासात आहे. इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्याने १ जानेवारी १९८३ रोजी जुना प्रोटोकॉल सोडून नवा घेतला. त्याची योजना जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्येच लिहून काढली होती. पण तेव्हा त्या जाळ्यावर काही शेकडो यंत्रे होती, आणि ती सांभाळणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. आज कोट्यवधी यंत्रांना एका मुहूर्तावर बदला म्हणणे शक्य नाही.

यापेक्षा आपल्याकडच्या एका स्थित्यंतराचा दाखला अधिक उपयोगी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. त्या दिवशी आणे रद्द झाले नाहीत. काही वर्षे आणे आणि नवे पैसे एकाच खिशात नांदले. दुकानदार दोन्ही घेत होता. १९६४ साली ‘नवे’ हा शब्दही गळून नुसते ‘पैसे’ राहिले. विद्यापीठांनी नव्या प्रोटोकॉलसाठी जी मुख्य वाट स्वीकारली ती हीच आहे. प्रत्येक यंत्राला जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते द्यावयाचे. समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलावयाचे. आणि जुनीचा वापर आपोआप ओसरू द्यावयाचा.

दुसरी वाट भाषांतराची आहे. आतले जाळे केवळ नव्या भाषेत ठेवावे आणि वेशीवर एक दुभाषा बसवावा. ही वाटही चालते, पण दुभाष्याकडून काहीतरी निसटतेच. नाण्यांचेच पाहा. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे आणि तीन आणे म्हणजे एकोणीस, असे कोष्टक होते. त्यामुळे तीनदा एकेक आणा मोजला तर अठराच भरत. रूपांतरात असा एखादा पैसा हरवतो आणि नेमक्या त्याच पैशाशी एखादा जुना कार्यक्रम अडून बसतो.

साउदॅम्प्टनचा धडा

ज्यांनी हे काम लवकर अंगावर घेतले, त्यांत इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र विभाग होता. जानेवारी २००२ ते जून २००५ या काळात युरोपात ‘सिक्सनेट’ नावाचा प्रकल्प चालला, त्यातही हा विभाग सहभागी होता. त्यांच्यापुढची पहिली अडचण आपल्या ओळखीची आहे : आवारातील महागड्या राउटरना नवी भाषा येत नव्हती आणि ते सगळे फेकून नवे घेणे परवडणारे नव्हते.

त्यांनी काढलेली वाट साधी होती. जुनी यंत्रे होती तशीच ठेवली. त्यांच्या शेजारी साध्या संगणकांवर मुक्त प्रणाली चढवून त्यांना नव्या भाषेचे राउटर बनवले, आणि आवारात आधीच असलेल्या तारांवरून, त्याच विभागणीतून नवी भाषा खेळवली. जुन्या राउटरची मुदत संपली तेव्हा नवे घेताना दोन्ही भाषा जाणणारे घेतले आणि शेजारची तात्पुरती यंत्रे काढून टाकली. तेथील टिम चाऊन यांनी ही पद्धत जून २००६ मध्ये सर्वांसाठी लिहून प्रसिद्ध केली.

यातील शिकवण अशी, की स्थित्यंतराचा खर्च एकदम अंगावर येत नाही. तो नेहमीच्या खरेदीत जिरवता येतो. अट एवढीच, की खरेदी करणाऱ्याने ते आधीच ठरवलेले हवे. तहान लागल्यावर विहीर खणू लागणाऱ्याला मात्र दाम दुप्पट पडतात.

योजनेच्या पायऱ्या

विद्यापीठाची योजना कशी असावी, याचा आता क्रमाने विचार करू.

पहिली पायरी यादीची. राउटर, स्विच, फायरवॉल, सर्व्हर, छापयंत्रे, हजेरीची यंत्रे, कॅमेरे, आणि मुख्य म्हणजे विद्यापीठाने स्वतः लिहवून घेतलेले प्रवेशाचे व परीक्षेचे कार्यक्रम या सर्वांची नोंद करावी. अनेकदा यंत्र नव्या भाषेला तयार असते, पण त्यावरील कार्यक्रमाने पत्त्यासाठी रकानाच तोकडा ठेवलेला असतो.

दुसरी पायरी गठ्ठा मिळवण्याची. ब्रिटनमध्ये विद्यापीठांना तो ‘जॅनेट’ या शैक्षणिक जाळ्याकडून मिळतो. भारतात त्यासाठी राष्ट्रीय नोंदणी-संस्था आणि शैक्षणिक जाळी आहेत. त्यांतील ‘एर्नेट’चा आरंभ १९८६ सालचा, पहिल्या आठ सहभागी संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या दोन होत्या.

तिसरी पायरी पत्त्यांच्या आराखड्याची. गावठाण वसवताना पुढच्या रस्त्यांसाठी जागा सोडतात, तसे येथे गाळे सोडावे लागतात. इमारतीनुसार वाटणी करावी की कामानुसार, म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, प्रयोगशाळा अशी, हे आरंभीच ठरवावे. कारण फायरवॉलचे नियम पुढे याच वाटणीवर लिहिले जातात.

चौथी पायरी सुरक्षिततेची, आणि येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आम्ही सहावी आवृत्ती सुरूच केलेली नाही, मग धोका कसला?’ असे पुष्कळजण म्हणतात. वस्तुतः २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती संगणकात मुळातच चालू असते. तेव्हा ती आवारात आहेच; फक्त तिच्यावर कोणाची नजर नाही. एखाद्याचा लॅपटॉप नकळत ‘मीच राउटर आहे’ अशी दवंडी पिटू लागतो आणि आसपासची यंत्रे भाबडेपणाने त्याच्यामागे जातात. हा प्रकार इतका वारंवार दिसला, की फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण लिहावे लागले. अशी दवंडी केवळ अधिकृत दाराकडूनच स्वीकारावी, असे स्विचला सांगून ठेवणे हा त्यावरचा इलाज. जुन्या भाषेसाठी फायरवॉलवर जो नियम आहे, तोच नव्या भाषेसाठीही लिहिला पाहिजे, नाही तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे अशी गत होते.

पाचवी पायरी नोंदींची. नव्या पद्धतीत यंत्र आपला पत्ता स्वतःच बनवू शकते, आणि खाजगीपणा राखण्यासाठी तो वरचेवर बदलते. ही सोय चांगली आहे. पण एखादी तक्रार आली तर अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता, हे सांगता येईल अशी व्यवस्था आधी हवी. किती नोंद ठेवावी आणि किती दिवस, हा नुसता तांत्रिक प्रश्न नव्हे. तो धोरणाचा आहे आणि त्यावर विद्यार्थ्यांशी उघड चर्चा व्हावी.

सहावी पायरी प्रत्यक्ष आरंभाची. प्रथम एक छोटे जाळे प्रयोगासाठी घ्यावे, मग संकेतस्थळ, ई-पत्र अशा बाहेरून दिसणाऱ्या सेवा, मग विभाग, आणि शेवटी वसतिगृहे व वाय-फाय. यात एक पथ्य कसोशीने पाळावे. सेवा नव्या पत्त्यावर नीट चालते याची खात्री होईपर्यंत तो पत्ता जगाला जाहीर करू नये. कारण बहुतेक यंत्रे आधी नव्या पत्त्याकडे धाव घेतात. तेथे कोणी नसेल तर वापरणारा ताटकळत राहतो. अर्धवट चालणारी नवी व्यवस्था ही मुळीच नसलेल्या व्यवस्थेपेक्षा वाईट असते. मोठमोठ्या संकेतस्थळांनीही ८ जून २०११ रोजी आधी एका दिवसाची चाचणी घेतली आणि पुरत्या एका वर्षाने, ६ जून २०१२ रोजी, नवे पत्ते कायमचे उघडले.

ग्रंथालयाचे दार

आता कलाशाखेकडे वळू. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून आपण परदेशी नियतकालिकांतील लेख वाचतो, तेव्हा पुष्कळदा नाव किंवा परवलीचा शब्द विचारला जात नाही. वर्गणी भरलेल्या विद्यापीठाचे पत्ते प्रकाशकाने नोंदवून ठेवलेले असतात; विचारणा त्या पत्त्यावरून आली की तो दार उघडतो. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने देशातील सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली. त्यामुळे हे दार आपल्याकडे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे झाले आहे.

समजा, एखाद्या विद्यापीठाने आवारात सहावी आवृत्ती सुरू केली, आणि त्या प्रकाशकाचे संकेतस्थळही ती भाषा बोलते. विद्यार्थ्याचे यंत्र आपोआप नव्या पत्त्यावरून जाईल. प्रकाशकाच्या वहीत मात्र जुनेच पत्ते असतील. तो म्हणेल, ‘आपण कोण?’ आणि लेखाच्या जागी पैशांची मागणी पडद्यावर येईल. जाळे बिनचूक चाललेले असेल, तंत्रज्ञांच्या यादीत सारे काही हिरवे दिसत असेल, आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिणारा संशोधक मात्र दाराबाहेर उभा असेल! उपाय अगदी लहान आहे : सुरुवात करण्यापूर्वी ग्रंथपालांनी प्रत्येक प्रकाशकाला नव्या गठ्ठ्याची माहिती कळवावी. पण हे सुचण्यासाठी योजना ठरवणाऱ्या समितीत ग्रंथपाल बसलेले असले पाहिजेत. जी गोष्ट ग्रंथालयाची, तीच परीक्षा विभागाची आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांची.

खिशात पुढे, आवारात मागे

भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये सहाव्या आवृत्तीसाठी पहिला राष्ट्रीय आराखडा आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा प्रसिद्ध केला. पण प्रत्यक्षात मोठी उडी घडली ती मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आणि जुने पत्ते मिळणे दुरापास्त असल्याने इतकी मोठी नवी सेवा सहाव्या आवृत्तीवरच उभी करणे भाग होते. आज भारतातून गूगलकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच आवृत्तीने येतात. या बाबतीत आपला देश जगात अग्रभागी आहे.

म्हणजे गंमत अशी, की विद्यार्थ्याच्या खिशातील फोन नव्या जगात वावरतो आणि तोच फोन आवारातील वाय-फायला जोडला, की पुष्कळ ठिकाणी त्याला पुन्हा कारकुनाच्या वहीत नाव घालावे लागते. ज्ञान निर्माण करणे हे ज्या संस्थेचे काम, तिने केवळ घेणाऱ्याच्या बाजूला राहावे हे शोभणारे नाही. लोकवाङ्मयाचे ध्वनिमुद्रण, बोलींचा संग्रह, गावाच्या इतिहासाची कागदपत्रे यांपैकी काहीही एखाद्या विभागाला आपल्याच यंत्रावरून जगापुढे ठेवावेसे वाटले, तर त्याला स्वतःचा पत्ता हवा; दुसऱ्याच्या दारात भाड्याने जागा मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने संगणकशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. महाविद्यालयात पुढच्या वेळी राउटर किंवा फायरवॉल घेण्याचा ठराव येईल, तेव्हा प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी एवढेच विचारावे : ‘याला सहावी आवृत्ती येते काय? आणि ग्रंथपालांना विचारले आहे काय?’ हे दोन प्रश्न ठराव मंजूर होण्यापूर्वी विचारले गेले, तर स्थित्यंतराचा बराचसा खर्च आणि त्याहून बराचसा मनस्ताप वाचेल.